वार्धक्यातील तोल आणि ताय ची

मनुष्य दोन पायांवर चालतो, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की, तिच्यातील अवघडपणा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. चतुष्पाद प्राण्याचे शरीर चार पायांच्या मेजासारखे असते. चालताना त्याने एक पाय उचलला, तरी उरलेले तीन पाय त्यास आधार देऊ शकतात. मनुष्याची स्थिती निराळी आहे. त्याचे उंच आणि वरच्या बाजूस जड असलेले शरीर दोन तळपायांच्या लहानशा जागेवर उभे असते, आणि चालताना तर बहुतेक वेळ ते एकाच पायावर असते. असे असूनही निरोगी तरुण मनुष्य बोलत, इकडेतिकडे पाहत, हातात ओझे घेऊन निर्धास्तपणे चालतो.

उतारवयात हा निर्धास्तपणा हळूहळू ओसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यांवरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि ह्या मृत्यूंत साठीपलीकडील माणसांचे प्रमाण सर्वांत मोठे असते. जी माणसे वाचतात त्यांपैकी अनेकांच्या वाट्यास खुब्याचे हाड मोडणे आणि दीर्घकाळचे परावलंबन येते. आणखी एक हानी होते ती डोळ्यांना दिसत नाही. एकदा पडलेला वृद्ध मनुष्य पुन्हा पडण्याच्या धास्तीने बाहेर जाणे टाळू लागतो. चालणे कमी झाले की पायांतील बळ घटते. बळ घटले की तोल अधिक बिघडतो, आणि धास्ती होती ती खरी ठरते. ह्या दुष्टचक्रात सापडलेल्या माणसाचे जग आधी घरापुरते व मग खाटेपुरते उरते.

गेलेला तोल सत्तराव्या वर्षी पुन्हा कमावता येतो काय, हा म्हणूनच केवळ कुतूहलाचा प्रश्न नव्हे. त्याचे उत्तर शोधताना गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी ताय ची ह्या चीनमधील संथ व्यायामाची काटेकोर परीक्षा केली. तीत काय आढळले आणि काय आढळले नाही, हे येथे सांगावयाचे आहे. त्यासाठी प्रथम तोल म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे.

तोल म्हणजे स्तब्धता नव्हे

अगदी स्वस्थ उभा असलेला मनुष्यसुद्धा खऱ्या अर्थाने स्थिर नसतो. त्याचे शरीर सतत किंचित पुढे-मागे व डावी-उजवीकडे झुलत असते. झुकण्याची प्रत्येक सुरुवात पोटरीचे व घोट्याचे स्नायू हेरतात आणि ती आवरतात. लगेच दुसरी सुरुवात होते, तीही आवरली जाते. तोल हा अशा रीतीने क्षणोक्षणी केलेल्या दुरुस्त्यांचा परिणाम आहे.

ह्या दुरुस्त्यांसाठी मेंदूला तीन ठिकाणांहून वार्ता मिळतात. डोळे भोवतालच्या वस्तूंच्या मानाने आपण कोठे आहोत हे सांगतात. अंतःकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका मस्तक कोणत्या दिशेने वळले हे कळवितात, आणि त्यांच्या लगतची सूक्ष्म खड्यांची यंत्रणा गुरुत्वाकर्षणाची दिशा दाखविते. तिसरी वार्ता तळपायांच्या त्वचेतून व स्नायू-सांध्यांतून येते. पायाखालची जमीन कशी आहे आणि गुडघा किती वाकला आहे हे आपणांस डोळे मिटूनही समजते ते हिच्यामुळेच. ह्या तिन्ही वार्तांचा मेळ घालून मेंदू स्नायूंना आज्ञा देतो. लहानसा हिसका बसला तर घोट्यातील हालचाल पुरते. मोठा बसला तर कमरेतून वाकावे लागते. त्याहूनही मोठा असेल, तर झटकन पाऊल टाकून आधाराची जागाच बदलावी लागते.

चालण्यात ही कामगिरी आणखी बिकट होते. सामान्य चालीत प्रत्येक पाय सुमारे साठ टक्के वेळ जमिनीवर आणि चाळीस टक्के वेळ हवेत असतो. ह्याचा अर्थ असा की, दोन्ही पाय एकाच वेळी टेकलेले असण्याचा काळ अवघा वीस टक्के असतो. जेव्हा एकच पाय टेकलेला असतो, तेव्हाही शरीराचा गुरुत्वमध्य त्या पावलाच्या बरोबर वर येत नाही. तो त्याच्या आतल्या बाजूने पुढे सरकतो. म्हणजेच शरीर उचललेल्या पायाच्या बाजूस कलू लागलेले असते, आणि तो पाय योग्य जागी, योग्य क्षणी टेकला म्हणूनच आपण पडत नाही. चालणे म्हणजे पडण्यास आरंभ करून ते प्रत्येक पावलागणिक सावरणे होय.

वयाबरोबर काय बदलते

वाढत्या वयात ह्या व्यवस्थेतील एखादाच भाग बिघडतो असे नाही. सर्वच भाग थोडे थोडे मंदावतात. दृष्टी अधू होते. अंतःकर्णातील संवेदनशील पेशी घटतात. तळपायांची संवेदना बोथट होते, आणि मधुमेह असेल तर ती अधिकच लवकर जाते. स्नायूंचे बळ कमी होते. त्यांतही झटकन आकुंचन पावणारे तंतू विशेष क्षीण होतात, आणि ठेच लागली असता पाऊल सावरण्यासाठी नेमके तेच लागतात. झोपेच्या गोळ्या व रक्तदाबावरील काही औषधे घेणाऱ्यांस उठताना चक्कर येण्याचा धोका असतो.

शरीर ह्यावर उपाय योजते. पावले आखूड पडतात, वेग कमी होतो, दोन्ही पाय टेकलेले असण्याचा काळ वाढतो. मेंदूही एक उपाय करतो: जी क्रिया पूर्वी आपोआप होत असे, तिच्याकडे आता मुद्दाम लक्ष पुरवावे लागते. ह्याचा एक सुबोध पुरावा स्वीडनमध्ये मिळाला. तेथील संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निवासगृहांत राहणाऱ्या ५८ वृद्धांबरोबर कोणी तरी चालत असे आणि चालता चालता बोलणे काढीत असे. त्यांपैकी १२ जण बोलण्यासाठी चालणे थांबवीत. पुढील सहा महिन्यांत त्या बारांपैकी १० जण पडले. चालणे आणि बोलणे ही दोन कामे ज्यांस एका वेळी पेलत नव्हती, त्यांचा तोल आधीच काठावर आला होता.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वार्धक्यातील तोल सुधारावयाचा तर केवळ पायांचे बळ वाढवून भागणार नाही. भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणे, झुकलेले शरीर सावरणे आणि हे करीत असताना अवधान टिकविणे, ह्या सर्वांचा एकत्र सराव झाला पाहिजे.

ताय चीचे स्वरूप

ताय ची च्वान हे ह्या व्यायामाचे पूर्ण नाव. त्यातील ‘च्वान’ म्हणजे मूठ. ह्यावरून ही मुळात एक युद्धकला होती हे ध्यानात येईल. चीनच्या हनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावी सतराव्या शतकात तिचा उगम झाला असे परंपरेने मानतात. एकोणिसाव्या शतकात यांग लूच्यान ह्यांनी ती बीजिंगमध्ये नेली आणि तेथून तिचा प्रसार झाला. १९५६ साली चीनच्या क्रीडा विभागाने तिच्यातील लांबलचक क्रम संक्षिप्त करून चोवीस हालचालींचा एक सोपा क्रम तयार केला. आज चीनमधील उद्यानांत सकाळच्या वेळी शेकडो वृद्ध स्त्री-पुरुष एकत्र उभे राहून ताय ची करताना दिसतात. २०२० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत तिचा समावेश केला.

ताय चीतील हालचालींची नावे चित्रमय आहेत. ‘रानघोड्याची आयाळ दुभागणे’ ह्या हालचालीत एक पाय पुढे टाकून त्यावर हळूहळू भार नेतात आणि दोन्ही हात तिरके विलग करतात. ‘मेघांसारखे हात’ हिच्यात कंबर वळवीत एका बाजूस पावले टाकीत जातात. ‘वानरास मागे सारणे’ हिच्यात पाठीमागे चालावयाचे असते. ‘सोनेरी कोंबडा’ ह्या हालचालीत एका पायावर उभे राहून दुसरा गुडघा वर उचलतात.

ह्या सर्वांच्या मुळाशी ‘भरलेला’ व ‘रिता’ पाय हा भेद आहे. ज्या पायावर शरीराचा भार असतो तो भरलेला. ज्यावर नसतो तो रिता. शिकणाऱ्याने रिता पाय आधी नुसता टेकावयाचा असतो. मग भरलेल्या पायातील भार सावकाश त्याच्याकडे न्यावयाचा, आणि पहिला पाय पुरता रिता झाल्यावाचून तो उचलावयाचा नाही. गुडघे किंचित वाकलेले, धड सरळ, श्वास संथ आणि दृष्टी हाताच्या गतीबरोबर वळणारी, अशी सर्व शरीराची एकत्रित हालचाल होत असते. चालण्यात जे क्षणार्धात घडून जाते, ते ताय चीत काही सेकंदांपर्यंत लांबविले जाते. अवघड क्षण घाईने ओलांडण्याची सोय येथे नसते. त्या क्षणात थांबून राहावे लागते. संथपणामुळे हा व्यायाम सोपा वाटतो, परंतु वाकलेल्या गुडघ्यावर भार घेऊन सावकाश सरकणे मांडीच्या स्नायूंस चांगलेच कष्टाचे असते, हे करून पाहणाऱ्यास लगेच कळते.

अटलांटा येथील प्रयोग

एखादा व्यायाम गुणकारी वाटणे निराळे आणि तो तसा सिद्ध होणे निराळे. व्यायामवर्गास आपण होऊन येणारी माणसे मुळातच अधिक निरोगी व उत्साही असण्याचा संभव असतो. म्हणून इच्छुकांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने पाडतात, प्रत्येक गटास वेगळे शिक्षण देतात, आणि कोणत्या गटातील माणसे किती वेळा पडली ह्याची नोंद ठेवतात.

अमेरिकेतील अटलांटा शहरी एमरी विद्यापीठाचे स्टीव्हन वुल्फ व त्यांचे सहकारी ह्यांनी अशा तऱ्हेचा प्रयोग केला आणि १९९६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सत्तर वर्षांवरील २०० व्यक्तींचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाने ताय चीच्या पारंपरिक १०८ हालचालींतून निवडलेल्या व सोप्या केलेल्या दहा हालचाली शिकल्या. दुसऱ्या गटातील व्यक्तींस संगणकास जोडलेल्या फलाटावर उभे करून, पडद्यावर दिसणारा ठिपका योग्य जागी ठेवण्याचा सराव दिला. तिसऱ्या गटासाठी केवळ आरोग्यविषयक चर्चा ठेवली होती. हा क्रम १५ आठवडे चालला. वारंवार पडण्याचा धोका ताय चीच्या गटात ४७.५ टक्क्यांनी कमी झालेला आढळला; संगणक-फलाटाच्या गटात मात्र तशी घट दिसली नाही.

ह्या प्रयोगातील सर्वांत उद्बोधक भाग ह्यापुढे आहे. त्यातील ७२ व्यक्तींचे झुलणे यंत्राने मोजले असता, संगणक-फलाटावर शिकलेली माणसे पूर्वीपेक्षा कमी झुलू लागली होती. ताय ची शिकलेल्यांच्या झुलण्यात फारसा फरक पडला नव्हता. अर्थात, जे अधिक स्तब्ध उभे राहू लागले त्यांचे पडणे कमी झाले नाही, आणि ज्यांचे झुलणे पूर्ववत राहिले ते कमी पडू लागले! शिवाय ताय चीच्या गटातील माणसांची पडण्याविषयीची धास्तीही कमी झाली होती.

प्रथमदर्शनी हे कोडे वाटते. परंतु तोलासंबंधी वर जे सांगितले त्यावरून त्याचा उलगडा होण्यासारखा आहे. स्तब्ध उभे राहण्याचा सराव स्तब्ध उभे राहणे सुधारतो. माणसे मात्र पडतात ती बहुधा चालताना, वळताना, उठताना व बसताना. तेथे झुलणे थांबविण्यापेक्षा झुकलेले शरीर न घाबरता सावरता येणे अधिक महत्त्वाचे ठरते, आणि ताय चीत सराव होतो तो नेमका ह्याचाच.

पुढील पुरावा

ऑरेगन संशोधन संस्थेचे फूचुंग ली व त्यांचे सहकारी ह्यांनी हे काम पुढे नेले. व्यायाम न करणाऱ्या ७० ते ९२ वर्षे वयाच्या २५६ व्यक्तींवर केलेल्या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. एका गटाने आठवड्यातून तीनदा, सहा महिने, ताय ची केली. दुसऱ्याने तितकाच वेळ अंग ताणण्याचे व्यायाम केले. ह्या काळात ताय चीच्या गटात ३८ वेळा, तर दुसऱ्या गटात ७३ वेळा पडण्याचे प्रसंग घडले. २०१२ मध्ये ली ह्यांनी कंपवाताच्या १९५ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ताय ची करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. वजने वापरून स्नायूंचे बळ वाढविणाऱ्या गटाशी तुलना करता मात्र पडण्याच्या बाबतीत निश्चित फरक दिसला नाही.

ह्याहून मोठा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सत्तरीपुढील ६७० व्यक्ती होत्या, आणि त्या एक तर आदल्या वर्षी पडलेल्या होत्या किंवा त्यांचे चालणे-फिरणे बिघडलेले होते. आठवड्यातून दोनदा एक-एक तास, २४ आठवडे, एका गटाने आठ हालचालींची ताय ची केली; दुसऱ्याने बळ, तोल, दमश्वास व लवचीकपणा ह्यांचे मिश्र व्यायाम केले; तिसऱ्याने केवळ अंग ताणले. तिन्ही गट संख्येने जवळजवळ सारखे होते. सहा महिन्यांत ताय चीच्या गटात १५२, मिश्र व्यायामाच्या गटात २१८ आणि तिसऱ्या गटात ३६३ वेळा पडण्याचे प्रसंग नोंदले गेले. ह्या प्रयोगातील ताय ची पारंपरिक क्रमाची हुबेहूब प्रत नव्हती. शरीर आधाराच्या जागेच्या कडेपर्यंत मुद्दाम झुकविणे आणि तेथून परत आणणे ह्यावर तिच्यात विशेष भर दिलेला होता.

प्रतिकूल निष्कर्ष

हे सर्व वाचून ताय ची म्हणजे रामबाण उपाय होय अशी समजूत कोणी करून घेऊ नये. वुल्फ ह्यांनीच पुढे अधिक अशक्त अशा ३११ वृद्धांवर ४८ आठवड्यांचा प्रयोग केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत ताय चीच्या गटात पडण्याचे प्रमाण कमी दिसले खरे, परंतु तो फरक योगायोगाचा नव्हे असे संख्याशास्त्राच्या आधारे म्हणता आले नाही. नेदरलँड्समध्ये २६९ वृद्धांना १३ आठवडे ताय ची शिकविली, पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पडणे कमी झाल्याचे आढळले नाही. न्यूझीलंडमधील ६८४ व्यक्तींवरील प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींनी आठवड्यातून एकदा, काहींनी दोनदा ताय ची केली आणि काहींनी अगदी हलका व्यायाम केला. पडण्याचे प्रमाण तिन्ही गटांत सारखेच घटले. त्या घटीचे श्रेय ताय चीस देता येत नाही.

२०१९ साली कॉक्रेन ह्या संस्थेच्या परीक्षणात व्यायाम आणि पडणे ह्यांसंबंधीच्या १०८ प्रयोगांचा एकत्र विचार करण्यात आला. त्यांत २३,००० हून अधिक वृद्ध सहभागी झाले होते. व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असा त्याचा निर्वाळा आहे. तोल आणि नित्याच्या हालचाली ह्यांच्या व्यायामांनी ते सुमारे २४ टक्क्यांनी कमी होते, आणि हा निष्कर्ष भक्कम मानला गेला. ताय चीमुळे ते सुमारे १९ टक्क्यांनी कमी होत असावे. परंतु ह्या आकड्याची निश्चिती कमी आहे, असेही परीक्षकांनी नमूद केले आहे. ह्याखेरीज अशा प्रयोगांत एक अंगभूत अडचण राहतेच. औषधाच्या गोळीप्रमाणे व्यायाम लपवून देता येत नाही. आपण काय करीत आहोत हे प्रत्येकास ठाऊक असते.

तरीही ह्या परस्परविरोधी दिसणाऱ्या निष्कर्षांतून काही बोध निघतो. अल्पकाळ केलेल्या सरावाचा भरवसा धरता येत नाही. ज्या प्रयोगांत ठळक लाभ दिसला त्यांतील बहुतेक प्रयोगांत आठवड्यातून दोन-तीनदा, सहा-सहा महिने सराव झाला होता. तसेच व्यायाम तोलाची खरी कसोटी पाहणारा असावा लागतो. आणि ताय ची हाच एकमेव मार्ग आहे असेही नव्हे.

आपल्याकडील वृद्धांसाठी

२०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात साठ वर्षांवरील माणसांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लक्ष होती, आणि तेव्हापासून ती वाढतच आहे. त्यांतील बहुसंख्यांच्या गावी ताय चीचा शिक्षक मिळणार नाही. परंतु ह्या व्यायामातील तत्त्व समजून घेण्यास शिक्षक नसल्याने अडचण येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार पासष्टीपुढील माणसांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल व बळ ह्यांवर भर देणारे विविध व्यायाम करावेत. केवळ फेरफटका मारल्याने ही गरज पुरी होत नाही. चालणे हृदयास व मनास हितकर आहे. परंतु सपाट रस्त्यावरील संथ फेरीत तोलाची कसोटी फारशी लागत नाही.

प्रारंभ अगदी साध्या रीतीने करता येतो. भिंतीजवळ किंवा जड खुर्चीमागे, हात लगेच टेकता येईल अशा जागी उभे राहावे. पावलांत खांद्याइतके अंतर ठेवून भार सावकाश उजव्या पायावर न्यावा, डावा पाय रिता झाल्याची खात्री करावी, टाच उचलावी, पुन्हा टेकवावी. मग हेच दुसऱ्या बाजूस करावे. हे सुलभ झाल्यावर एक पाय पुढे ठेवून, नंतर बाजूस पावले टाकीत, आणि शेवटी आधार बोटापुरता ठेवून पाय जमिनीपासून उचलावा. ज्यांस वारंवार चक्कर येते, जे नुकतेच पडले आहेत, किंवा ज्यांच्या हाडांचा वा सांध्यांचा विकार बळावला आहे, त्यांनी आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा आणि प्रारंभी कोणास तरी जवळ उभे करावे.

आपल्या प्रगतीचे माप घेण्याची एक सोपी रीत आहे. खुर्चीवरून उठावे, तीन मीटर चालावे, वळून परत यावे व बसावे. सवयीच्या चालीने ह्यास बारा सेकंद किंवा अधिक वेळ लागत असेल, तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजून लक्ष पुरवावे. ह्याबरोबरच ओल्या न्हाणीघरात हाताशी धरण्यास दांडी, रात्री जाण्यायेण्याच्या वाटेवर दिवा, घसरणाऱ्या चपलांचा त्याग आणि डोळ्यांची व औषधांची नियमित तपासणी, ह्या गोष्टीही कराव्यात. व्यायाम शरीर सज्ज करतो. घर धोकारहित करणे हे कुटुंबाचे काम आहे.

घरातील वृद्ध मनुष्य एकदा अडखळला की मुले-सुना मायेपोटी त्यास म्हणतात, “तुम्ही आता उठू नका, बसल्या जागी सर्व देतो.” वर सांगितलेले प्रयोग ह्या मायेस एक वेगळी दिशा सुचवितात. तोल ही वयाबरोबर हरपणारी देणगी असली, तरी सरावाने ती सत्तरीतही काही अंशी परत मिळविता येते, आणि न वापरल्यास ती अधिक वेगाने जाते. म्हणून अशा वेळी वडीलधाऱ्यांना बसवून ठेवण्यापेक्षा, आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास त्यांच्याशेजारी उभे राहून त्यांच्याबरोबर भार ह्या पायावरून त्या पायावर नेण्याचा सराव करणे, ही त्यांची अधिक चांगली सेवा होय.